पैलवानबाईंच्या हलक्या पिशव्या

दुपारचा खेळ सुटलाय. प्रेक्षक गेले, राजाने मिशी उतरवून डबीत ठेवली, राणी चहा शोधत हिंडते आहे. लोकांना वाटतं, नाटक संपलं. पण जरा थांबा. आता खटका ओढल्याचा आवाज येईल आणि खेळाच्या वेळी कधीच न लागणारे झगझगीत पांढरे दिवे प्रेक्षागृहात लागतील. त्या उजेडात आमचं देखणं नाट्यगृह अगदीच उघडं पडतं. लाल खुर्च्यांच्या रांगा पायरीपायरीने वर चढत गेलेल्या, आणि त्यांच्या पायाशी कागदी कप, अर्ध्या प्यालेल्या बाटल्या, चुरगळलेली तिकिटं, कुणाचा तरी एकच हातमोजा. नेपथ्य तयार आहे. उजव्या दारातून प्रवेश. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, कमरेला निळा एप्रन करकचून बांधलेला, आणि उंचीपेक्षा लांब झाडू खांद्यावर भाल्यासारखा टाकलेला.

या पैलवानबाई.

माझ्या खांद्याला लागतील न लागतील एवढीच उंची. अंगावर मांस म्हणाल तर नावाला. मग पैलवान का? त्याला कारण एक सिंहासन. मी तेव्हा याच रंगभूमीवर महाराण्यांच्या भूमिका करायचे. एकदा तालमीनंतर रंगमंच पुसायचा होता आणि मधोमध आमचं लाकडी सिंहासन ठाण मांडून बसलेलं. ते कोणत्या बाजूने न्यावं, यावर दोन मंचकामगारांची लांबलचक चर्चा चालली होती. बाई बादली घेऊन उभ्या. शेवटी त्यांनी बादली ठेवली, सिंहासनाला खांदा लावला आणि सरळ विंगेत ढकलून दिलं. वर बसून भाषण पाठ करणारे आमचे महाराज "प्रजाजनहो" म्हणत डावीकडून उजवीकडे गेले, ते विंगेत पोहोचल्यावरच त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून बाईंचं मूळ नाव सगळे विसरले. मला वाटतं, त्याही विसरल्या असाव्यात.

माझं काम सुटलं तरी नाट्यगृह सुटलं नाही. दुपारच्या खेळानंतर मी मधल्या रांगेत येऊन बसते आणि यांचा खेळ पाहते. खुर्च्यांच्या रांगेत सफाई करणं म्हणजे काय, ते खुर्चीत बसणाऱ्याला कळत नाही. दोन रांगांमध्ये माणूस सरळ उभा राहिला तर झाडू आडवा होत नाही, आणि झाडू आडवा केला तर माणूस सरळ राहत नाही. मग कमरेत वाकायचं, गुडघा मागच्या खुर्चीला टेकवायचा, एका हाताने पुढच्या खुर्चीची पाठ धरायची आणि खेकड्यासारखं आडवं सरकायचं. या खुर्च्यांची बैठक आपोआप वर मिटते. ती दाबून धरायची आणि खाली चिकटवलेला च्युइंगगम पात्याने खरवडायचा. हात जरा सुटला की खुर्ची बोट चावते. सगळं झालं की कचऱ्याच्या काळ्या पिशव्या उचलून पायऱ्या चढायच्या, कारण कचरा टाकायची जागा नेमकी वरच्या शेवटच्या रांगेमागे. नाट्यगृह बांधणाऱ्याने प्रेक्षकांच्या नजरेचा फार बारीक विचार केला होता. पाठीचा विचार करायला त्याला वेळ मिळाला नसावा.

हे सारं संपलं की पैलवानबाई खाली रंगमंचाच्या कडेला पाठ टेकून उभ्या राहत आणि वर पाहत. एकूण एक खुर्ची मिटलेली, सगळ्या रांगा दातांसारख्या स्वच्छ. "बघा बाई," त्या मला म्हणायच्या, "आता खरं हाऊसफुल्ल."

त्यांच्या जोडीला त्यांची सून. उंच, शांत, कामाला वाघ आणि बोलण्यात काटकसरी. काम दोघींनी वाटून घेतलेलं. सासू रांगांमधून कचरा झाडून मधल्या वाटेवर आणणार, सून मागून येऊन तो पिशव्यांत भरून गाठी मारणार. मग उजव्या वाटेच्या पिशव्या सासूने वर न्यायच्या, डाव्या वाटेच्या सुनेने. काम चालू असताना सासूच्या तोंडाचा पट्टाही चालू.

"अगं, गाठ मारतेस की पिशवीची वेणी घालतेस?"

"झालंच, आई."

"झालंच म्हणे. लग्नातही हार घालायला एवढाच उशीर केला होता हिने. माझ्या मुलाची मान अवघडली होती, बाई."

सून खाली पाहून हसायची. घरी म्हणे मुलगा दोघींच्या मध्ये बसून दोघींनाही "हो" म्हणतो. एवढ्यावर त्या घरात शांतता नांदत होती.

मग पैलवानबाईंचा उजवा खांदा गेला.

एकदम नाही गेला. आधी कुरकुरला, मग भरून यायला लागला, मग पिशवी उचलताना बाई दुसरीकडेच काहीतरी पाहायला लागल्या. मी अभिनय करता करता म्हातारी झाले. चेहरा लपवायला मान वळवणं मला कळतं. सुनेला त्याही आधी कळलं होतं. ती मला म्हणाली, "सकाळी केस विंचरताना त्यांचा हात डोक्याकडे जात नाही, म्हणून डोकं हाताकडे आणतात. नमस्कार घालतायत असं वाटतं."

"मग सांग की कुणाला."

"सांगू कुणाला? खिडकी रिकामी झालीय ना."

ही खिडकी म्हणजे सामानाची खिडकी. प्रेक्षक आपल्या छत्र्या, पिशव्या, कोट तिथे ठेवतात. तिथला माणूस काम सोडून गेला होता आणि आमच्या व्यवस्थापकांनी जाहीर केलं होतं, की लवकरच सर्वांची उचलण्याची ताकद तपासली जाईल आणि ज्याला झेपत नसेल, त्याला त्या खिडकीत बसून काम मिळेल. व्यवस्थापक भला माणूस. त्यांना ही मेहरबानी वाटत होती. बाकीच्यांनाही वाटत होती. तिकीटवाला तर उगाच लंगडायला लागला होता. पैलवानबाईंना मात्र ती कैद वाटली.

"खुर्चीत बसू?" त्या झाडू आपटून म्हणाल्या. "खुर्चीत कोण बसतं? पाहायला आलेला माणूस. मी काय पाहायला आलेय? छत्र्यांची राखण करायची म्हणे! त्या काय पळून जाणार आहेत?"

प्रेक्षागृह गेलं की त्यांच्याकडे उरणार होतं काय, हे मला कळत होतं. खिडकीतली एक पितळी घंटी आणि खुर्चीवरची एक उशी.

तपासणीच्या आधी शिकवणी झाली. सफाईच्या कंपनीने एक तरुण पाठवला. अंगाने सडसडीत, बोलायला गोड, आणि काखेत माणसाच्या पाठीच्या मणक्यांचा प्लॅस्टिकचा नमुना. वजन कसं उचलावं, हे शिकवण्याचं त्याचं काम. पैलवानबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, मणकेवाला.

"मावशी, पाठ ताठ. वाकायचं ते गुडघ्यातून. ओझं पोटाशी धरायचं."

"हे कुणाचे मणके आणलेत?"

"हे शिकवण्यासाठी असतात, मावशी."

"बरे आहेत की एकेक सुटे. माझे सगळे गंजून एकच झालेत."

सगळे हसले. मणकेवालाही हसला आणि त्याने भिंतीला पाठ लावून करायचे दोन-तीन व्यायाम शिकवले. पैलवानबाईंनी ते नाक मुरडून केले. माझी खात्री आहे, एरवी दुसऱ्या दिवशीच त्या ते विसरल्या असत्या.

पण दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला. बाईंनी उजव्या वाटेवरची फुगलेली पिशवी उचलली, थबकल्या, मग दुसरीही उचलली. दोन्ही हातांत दोन गच्च पिशव्या घेऊन त्या पायऱ्या चढून गेल्या आणि वरून त्यांनी पुकारा केला, "बाई! मणकेवाल्याच्या हाताला गुण आहे हो!"

मी टाळी वाजवली. टाळी वाजवताना माझं लक्ष डाव्या वाटेकडे गेलं. सून एक पिशवी पोटाशी धरून चढत होती आणि प्रत्येक पायरीवर पिशवीतून बाटल्यांचा खळ्ळ असा आवाज येत होता. उजव्या बाजूने आवाजच नव्हता.

मी तिला बाजूला घेतलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. पिशव्या भरणं तिच्याकडेच होतं ना! सगळ्या बाटल्या, भिजलेली फडकी, नाटकाच्या जाड माहितीपुस्तिका डाव्या पिशव्यांत. उजव्या पिशव्यांत नुसते कागदी कप. बाहेरून पाहावं तर दोन्ही सारख्याच फुगलेल्या.

"कुणाला बोलू नका हं, बाई. मला त्यांच्याबरोबरच घरी जायचंय."

"अगं, पण तुझी पाठ?"

"थोडे दिवस. खांद्याला आराम मिळाला की बरा होईल त्यांचा." मग जरा थांबून म्हणाली, "आणि त्या खिडकीत बसल्या तर दिवसभराची सगळी ताकद साठवून घरी आणतील. मी कुठे जाऊ?"

खांद्याला खरंच उतार पडायला लागला. ओझंच नव्हतं, तर का नाही पडणार? पण श्रेय सगळं व्यायामाला. पैलवानबाई मणकेवाल्याच्या भक्त झाल्या. जी भिंत दिसेल तिला पाठ लावून उभ्या. तिकीटवाल्याला त्यांनी तिकिटं विकता विकता गुडघ्यात वाकायला लावलं. एका तालमीत आमचा नवा नायक मूर्च्छित नायिकेला उचलत होता, तर विंगेतून आवाज आला, "पोटाशी धर, पोटाशी! कंबर जाईल!" नायिका मूर्च्छेतच हसली.

सर्वांत जास्त धडे मिळाले ते सुनेला. बिचारी दोघींचं ओझं वाहत होती. खाली बसली की उठताना खुर्चीची पाठ धरायची, आणि मग सासूबाई सुरू.

"बघा बाई, हे आजचं तरुण रक्त! माझ्या निम्म्या वयाची आणि उठताना कण्हते. गुडघ्यातून ऊठ, गुडघ्यातून. रोज सांगते, व्यायाम कर. ऐकत नाही."

"करते, आई."

"कुठे करतेस? मी बघ, दोन-दोन उचलते. दे ती तुझी पण एक."

"नको नको!" सून पिशवीवर जवळजवळ आडवीच पडली. "ही... ही फुटकी आहे. गळतेय."

"धड पिशवी घेता येत नाही एक," म्हणत सासूबाई आपल्या दोन पिशव्या हवेत झुलवत निघून गेल्या. सून माझ्याकडे पाहत होती. मी छताकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी रंगमंचावर बरंच हसू गिळलं आहे, पण हे काही गिळलं जाईना.

हे असंच आणखी थोडे दिवस चाललं असतं, खांदा पुरता बरा झाला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. पण मणकेवाल्याच्या शिकवणीत आजवर इतकी गुणी शिष्या झाली नव्हती. त्याने व्यवस्थापकांना सांगितलं, व्यवस्थापकांनी शेजारच्या दोन नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांना बोलावलं आणि ठरलं, की तपासणी रंगमंचावरच घ्यायची. आधी पैलवानबाई सर्वांना उचलून दाखवतील, मग बाकीचे. दुपारच्या खेळानंतर. ताज्या, खऱ्या पिशवीसह.

त्या दिवशी पैलवानबाई एप्रनला इस्त्री करून आल्या. सुनेने उजव्या वाटेवर एक पिशवी अशी काही सजवून ठेवली होती, की फुंकर मारली तर उडावी. "हीच द्या," ती मंचकामगाराला तीनदा बजावत होती. पण मणकेवाला स्वतःच उठला. आपल्या शिष्येचा त्याला अभिमान. त्याने दोन्ही वाटांवर नजर टाकली, डावीकडची एक चांगली भरदार पिशवी निवडली आणि मंचकामगारांच्या मदतीने ती रंगमंचाच्या मधोमध नेऊन ठेवली. ठेवताना ती खळ्ळ वाजली. सुनेने डोळे मिटून घेतले.

पैलवानबाई पुढे आल्या. समोरच्या रांगेला वाकून अभिवादन केलं, तेही गुडघ्यातून. "पाठ ताठ," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "ओझं पोटाशी. आणि हे असं..."

पिशवी जागची हलली नाही.

बाई हसल्या. पाय जरा फाकवले, पुन्हा धरलं. या वेळी पिशवी बोटभर उचलली गेली आणि बाईंचा उजवा खांदा एकदम खाली आला. चेहऱ्यावर जे आलं, ते लपवायला मान वळवावी, तर तिन्ही बाजूंना माणसं. त्यांनी पिशवी सोडली. समोरच्या रांगेत व्यवस्थापक पाहुण्यांच्या कानाशी लागले. खिडकीचं दार उघडल्याचा आवाज मला तरी स्पष्ट ऐकू आला.

रंगमंचावर वाक्य विसरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. काही रडतात, काही दुसऱ्याच नाटकातलं वाक्य बोलतात. पैलवानबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि आत पाहिलं. मग त्या शांतपणे रंगमंच उतरल्या. उजव्या वाटेवरची ती सजवलेली पिशवी त्यांनी एका बोटाला अडकवून वर धरली. खाली ठेवली. डावीकडे गेल्या, तिथल्या पिशवीला हात घातला, ती हलेना. दुसरीला घातला, तीही हलेना. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिकीटवाला सवयीने मागच्या मागे दोन पावलं सरकला.

"हे कधीपासून?"

सून एप्रनला हात पुसायला लागली.

"अगं, मी विचारतेय, कधीपासून?"

"मणकेवाले आले ना... त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि मी तुला रोज कण्हतेस म्हणून टाकून बोलत होते."

"हो, आई."

"घरीसुद्धा."

"घरी जरा जास्तच."

पैलवानबाई रंगमंचाकडे वळल्या. "मास्तर, तुमची शिकवणी बरोबर होती. विद्यार्थिनी चुकली. हिला आधी तपासा."

मणकेवाला लगबगीने खाली आला. सुनेच्या कमरेवर त्याने दोन बोटं टेकवली मात्र, ती इतक्या जोरात ओरडली की दोन पाहुणे उभे राहिले. प्लॅस्टिकचे मणके खुर्चीवरून घसरून पडले, ते मंचकामगाराने उचलून उलटे ठेवले.

व्यवस्थापक हिरमुसले होते. "म्हणजे तुम्हालाही झेपत नाही आणि हिलाही झेपत नाही. मग आता दोघींनाही खिडकीत बसवायचं का?"

"एका खुर्चीवर?" पैलवानबाई म्हणाल्या. "सासू आणि सून? आणि हाताशी एवढ्या छत्र्या?"

पाहुणे व्यवस्थापक खो खो हसले. पण बाई हसत नव्हत्या. त्या व्यवस्थापकांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मी त्यांचा इतका हलका आवाज पहिल्यांदा ऐकला. "साहेब, झाडू माझ्या हातातून घेऊ नका. झाडायला मला काही होत नाही. खरवडायलाही काही होत नाही. ही पिशवी तेवढी होत नाही. आज पहिल्यांदा बोलतेय. नाही होत."

त्यांच्या तोंडून "नाही होत" आलेलं कुणीच कधी ऐकलं नव्हतं. सून तर दचकून बघायला लागली.

तेवढ्यात मणकेवाल्याच्या मनात काय आलं कोण जाणे, तो रंगमंचावर चढला. पाठ ताठ केली, गुडघ्यात वाकला, पिशवी पोटाशी धरली. सगळं अगदी शिकवल्याबरहुकूम. आणि तो तसाच राहिला.

"आता उठा, मास्तर," पैलवानबाई खालून म्हणाल्या.

"उठतोय."

"श्वास सोडा. तुम्हीच सांगितलंय."

"सोडतोय, मावशी."

शेवटी त्याने पिशवी सोडली. घाम पुसत तो व्यवस्थापकांना म्हणाला, "साहेब, या दोघींची तपासणी झाली असं समजा. नापास पिशवी आहे. ही कुणीच एकट्याने उचलायची नाही. अर्धीच भरायची, फेऱ्या वाढल्या तरी चालतील. कंपनीला मी तसं कळवतो." पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, की आपणही उद्यापासून तसंच करणार. आता पाहुणेच तसं म्हणत असल्यावर आमचे व्यवस्थापक मागे कसे राहतील? त्यांनी जणू ही आपलीच कल्पना असल्यासारखी मान हलवली. सामानाची खिडकी तिकीटवाल्याला मिळाली आणि त्याचं लंगडणं त्याच संध्याकाळी थांबलं. सुनेला आठ दिवस घरी झोपवून ठेवलं. सासूबाई तिला कुशीवर वळवताना रोज म्हणायच्या, "गुडघ्यातून वळ." हे मला तिनेच नंतर हसत सांगितलं.

ती परत कामावर आली, त्या दुपारी मी माझ्या नेहमीच्या रांगेत होते. खेळ सुटला, पांढरे दिवे लागले, रांगा झाडून झाल्या. सुनेने पिशव्या अर्ध्या अर्ध्या भरल्या, गाठी मारल्या, डावीकडे-उजवीकडे मांडल्या. पैलवानबाईंनी उजवीकडची एक डाव्या हाताने उचलली. चार पायऱ्या चढल्या. मग थांबल्या. पिशवी जराशी वर-खाली करून त्यांनी अंदाज घेतला, कानाशी नेऊन हलवून पाहिली. नुसते कप. सून मान खाली घालून पुढच्या पिशवीची गाठ मारत होती, जरा जास्तच मन लावून. मला वाटलं, आता पट्टा सुटणार. पण बाई मागे न वळता पुन्हा चढायला लागल्या आणि चढता चढताच म्हणाल्या,

"अगं, निदान दोन बाटल्या तरी टाकत जा. माणसाला काहीतरी उचलल्यासारखं वाटायला नको?"